बस ने!

गेल्या शनिवारी मी स्वतःचीच खुर्ची ५५० रुपयांना विकत घेतली. खुर्ची आजोबांची. सागवानी, वेताने विणलेली, लांब हात पुढे फिरवून त्यावर तंगड्या टाकता येतात अशी. सकाळी नऊला मी खंडेराव मार्केटात भाजीला गेलो तेव्हा ती आमच्या गॅलरीत होती. साडेदहाला परत आलो तर गॅलरीत धुळीमध्ये तिच्या चार पायांचे चार स्वच्छ चौकोन तेवढे उरले होते, आणि आत्या हातातल्या नोटा कौतुकाने पुन्हा पुन्हा मोजत होती.

"तुमच्याकडे रद्दीला भाव बरा आहे हो," आत्या म्हणाली. "पण तो पोरगा भारी चमत्कारिक. मी त्याला बस म्हटलं, तर तो खुर्चीच घेऊन गेला!"

बायको आतून म्हणाली, "गेली का? बरं झालं." तो विषय वेगळा आहे. त्यावर मी इथे लिहिणार नाही, कारण ती हे वाचते.

आत्या चुलत, साताऱ्याची. बडोद्याला तशी येऊन-जाऊन असते, पण इतके दिवस राहायची ही पहिलीच वेळ. चौथ्या दिवशी तिने जाहीर केलं की गुजराती भाषेत अवघड असं काही नाही. "मराठीच की रे! नुसतं शेवटी 'ने' लावायचं." तिच्या निरीक्षणात खोट काढता येत नव्हती. शेजारची मंडळी तिला "आवो ने", "बेसो ने", "चा पीओ ने" करत होती. मग आत्याही सुरू झाली. दूधवाल्याला "अर्धा लिटर दे ने", लिफ्टपाशी कुणाला "थांब ने", आणि मला, ज्याला मराठी येते, त्यालाही "पंखा लाव ने". वाईट एवढंच, की सगळ्यांना तिचं म्हणणं कळत होतं. कळलं नसतं तर खुर्ची वाचली असती.

गुजराती माणसाचा 'ने' म्हणजे शब्द नव्हे, वंगण आहे. "बेस" हा हुकूम, "बेस ने" हा लाड. "छे" ही माहिती, "छे ने?" म्हणजे आता तुम्हीही मान डोलवा. शिवाय 'अने'चं आखूड रूप म्हणून तोच 'ने' आणि-चंही काम करतो: हुं ने तुं. शिवाय 'मने', 'तने' म्हणताना आपल्या 'ला'ची चाकरीही तोच करतो. एवढी कामं एका अक्षराकडून आमच्या ऑफिसात शिपायाकडूनच करून घेतात.

आपल्याकडचा 'ने' शाळेत भेटतो, तृतीयेच्या रांगेत: ने, ए, शी. 'रामाने रावणाला मारले' यातला. तो निरुपद्रवी. खरा धोका दुसऱ्याचा, आज्ञार्थी 'ने'चा. ने, म्हणजे उचल आणि चालू लाग.

तर घडलं ते असं. पस्तीवाला वर आला. (रद्दीला इथे पस्ती म्हणतात आणि आम्ही घरात मराठीतही पस्तीच म्हणतो, पुण्याच्या नातेवाइकांना ते हसू येतं.) वर्तमानपत्रांची चळत नेमकी खुर्चीवर रचलेली. ती त्याने उतरवली, तागडीत घातली, सुतळीने बांधली. मग मोकळ्या झालेल्या खुर्चीकडे बोट करून त्याने विचारलं, "ने खुरशी?" म्हणजे, आणि खुर्ची? तिचं काय? आत्याला वाटलं, मे महिन्याच्या उन्हात बिचारा दोन मजले चढून आलाय, बसू का विचारतोय. लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती. तिने भल्या मनाने खुर्चीकडे हात केला आणि आपल्या नव्या गुजरातीत म्हणाली, "बस ने, बस!"

गुजरातीत 'बस' म्हणजे पुरे. "बस ने" म्हणजे झालं की, ठरलं, आता आणखी काय. त्याने ६० रुपये वेगळे काढून आत्याच्या हातावर ठेवले, खुर्ची डोक्यावर उलटी घेतली आणि गेला. जाताना "आवजो बा" म्हणाला. 'बा' म्हणजे इथे आई किंवा आजी. आत्याच्या लेखी बा म्हणजे बाप. त्याचा राग तिला अजून आहे, खुर्चीचा नाही.

मी भाजीची पिशवी ठेवली आणि तसाच निघालो. फाटकाशी काका भेटले. भेटले म्हणजे काय, ते फाटकाशी असतातच. तळमजल्यावरचे हे गुजराती काका मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेत आणि जमिनीवर त्यांना काही काम नाही. मराठी उत्तम बोलतात, आमच्यासारखीच, म्हणजे 'ने' घालून. माझा चेहरा बघून म्हणाले, "काय झालं? सांग ने." मी चालता चालता सांगितलं. ही दिवसातली माझी सर्वांत महाग चूक, कारण ते बरोबर यायला निघाले.

दुकान मागच्या गल्लीत. दारात पत्र्याचे डबे, तीन कूलरचे पंखे, शिलाई मशीनचा नुसताच बिडाचा सांगाडा, आणि मधोमध माझी खुर्ची. खुर्चीत पस्तीवाला. हात पुढे फिरवून, त्यांवर पाय टाकून, बशीतून चहा पीत. खरं सांगायचं तर तो खुर्चीत शोभत होता. आजोबा शोभायचे तसा. मी त्या खुर्चीत कधीच शोभलो नाही, असं घरात एकमत आहे.

"भाई, ही खुर्ची चुकून आली," मी गुजरातीत म्हणालो.

"चुकून? बाए बे वार कीधुं, साहेब. बस ने, बस. एक वार नहीं. बे वार." बांनी एकदा नव्हे, दोनदा म्हटलं.

"त्या मराठीत बोलत होत्या. बस म्हणजे बेस."

"तो पछी 'ने' केम बोल्या?" मग 'ने' का म्हणाल्या?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर ठेवा, वयस्क आत्या कुणाच्याही घरी येऊ शकते.

"सातसो," तो म्हणाला.

"साठला घेतलीस, दीड तासापूर्वी!"

"साठ तो खरीद. सातसो वेचाण." घेण्याचा भाव वेगळा, विकण्याचा वेगळा. दीड तासात ती भंगारातून अँटिक झाली होती. आमच्या गल्लीत माणसाला एवढी बढती मिळायला तीस वर्षं लागतात.

"एक मिनिट," काका म्हणाले. "यात दोष कुणाचाच नाही. दोष 'ने'चा आहे." वडीलधारे म्हणून पस्तीवाला उठला, काका त्याच्या जागी बसले, म्हणजे माझ्या खुर्चीत, आणि त्यांनी पाय वर घेतले. इथून पुढे पाऊण तास मी उभा होतो.

"साल त्र्याऐंशी," काकांनी सुरुवात केली. "वार्ना. बल्गेरिया. काळा समुद्र. थंडी अशी की नाक गळून पडेल. एका खानावळीत मी विचारलं, चाय मिळेल? तो म्हणाला, 'ने'. आणि मान हलवली. कशी? अशी, वर-खाली. मी म्हटलं वा, हो म्हणतोय. बसलो. अर्धा तास बसलो. चाय नाही. बल्गेरियात ने म्हणजे नाही, आणि मान वर-खाली हलवली तर तेही नाही!"

"तो हा माटे शुं करे?" पस्तीवाल्याने विचारलं. हो म्हणायला काय करतात?

"आडवी हलवतात."

पस्तीवाल्याने आडवी हलवून पाहिली. तेलाचे रिकामे डबे विकायला आलेल्या एका बाईंनीही हलवून पाहिली. मी म्हटलं, "अडीचशे देतो." कुणी ऐकलं नाही.

"तिथून बॉस्फरसमधून इस्तंबूल. बाजारात मी काहीही बोललो की समोरचा म्हणतो 'ने?' मी पुन्हा बोलतो, तो पुन्हा 'ने?' वार्नात ठोकर खाल्लेली, मला वाटलं हा विकायलाच तयार नाही. तुर्कीत ने म्हणजे 'काय?' बिचाऱ्याला माझं इंग्रजी कळत नव्हतं, एवढंच. मग पिरेअस. ग्रीस. आता मी शहाणा झालेलो. वेटर विचारतो आणखी वाइन आणू? मी म्हणतो 'ने', नको. तो बाटली आणतो. पुन्हा विचारतो. मी जोरात, 'ने! ने!' तो आणखी दोन आणतो. ग्रीकमध्ये ने म्हणजे हो!"

"अरे वाह," पस्तीवाला म्हणाला. एका समुद्राच्या तोंडापासून दुसऱ्यापर्यंत, सलग तीन बंदरं आणि एका अक्षराचे तीन अर्थ: नाही, काय, हो. हे मलाही आवडलं असतं, एरवी. रविवारी, जेवणानंतर, बसून. बसायला खुर्ची असती तर.

"तीनशे," मी म्हणालो.

"साहेब, वात तो पूरी थवा दो ने." गोष्ट तर संपू द्या.

आतापर्यंत जुनी गाइडं विकायला आलेली एक कॉलेजची मुलगी थांबली होती. काका बुसानच्या धक्क्याला लागले तशी ती पुढे सरकली. "कोरियातही ने म्हणजे हो," काका म्हणाले. "वरिष्ठांना हो म्हणायचं तर ने." ती म्हणाली, "काका, तुमचं चुकतंय. असं नाही, जरा नाकातून, आणि थोडं वाकून." ती रोज रात्री कोरियन मालिका बघते म्हणे. तिने करून दाखवलं. काकांनी बत्तीस वर्षांच्या सेवेनंतर उच्चार दुरुस्त करून घेतला. आता दुकानात पाच जण वाकून 'ने' म्हणत होते आणि त्यातला एकही मला उद्देशून नव्हता.

"आणि जपान?" मुलीने विचारलं.

"जपान म्हणजे अगदी आपलं! योकोहामाला सगळे म्हणतात, 'आत्सुई ने'. गरम आहे ने! तोच ने, शेवटी लावायचा, आणि समोरच्याने मान डोलवायची."

पस्तीवाला गहिवरला. "ए तो आपणा ज निकळ्या!" जपानी लोक गुजराती निघाल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर असा होता की मी ती संधी साधून "चारशे, आणि उचलतो" म्हणालो. तो "चालो" म्हणणारच होता. ओठ उघडलेले मी पाहिले. तेवढ्यात काकांनी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं, चहाच्या कपाचा जुना गोल डाग आहे तिथे, नखाने खरवडलं, वास घेतला आणि ओरडले, "अरे, हे तर बर्मा टीक! मी रंगूनला पाहिलंय!"

"आठसो," पस्तीवाला म्हणाला.

मी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "खोटं नाही बोलणार मी. इंजिनीअर आहे."

त्यानंतर ब्राझीलचं सांतोस झालं, जिथे लोक पोर्तुगीज 'नाऊं ए'चं आखूड करून प्रत्येक वाक्याला 'ने?' जोडतात. फ्रान्स झालं, जिथे 'ने' म्हणजे नाही, पण तो कागदावर लिहायचा, बोलताना बहुतेक वेळा गिळून टाकायचा आणि नकाराचं सगळं ओझं मागून येणाऱ्या 'पा'वर टाकायचं. (आमच्या सोसायटीच्या सभांत साधारण हीच पद्धत आहे.) मी फक्त आकडे म्हणत होतो. साडेचारशे. पाचशे. काका मार्सेयहून निघेपर्यंत ५५० वर सौदा पटला. आणि घरापर्यंत डोक्यावरून आणून देण्याचे ३० निराळे.

बत्तीस वर्षांत काकांना 'ने'चे हो, नाही, काय, खरं ना, असे सगळे अर्थ भेटले. 'ने म्हणजे उचलून घेऊन जा' अशी भाषा मात्र एकाही बंदरात सापडली नाही. ती त्यांच्या डोक्यावर दोन मजले वर राहते आणि रोज सकाळी फाटकाशी त्यांना नमस्कार करते. मी हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "असं? मला कधी बोलला नाहीस ने."

दुपारी झोप लागेना म्हणून शब्दकोश काढला. आपलं 'नेणे' संस्कृत 'नी' धातूवरून, त्यावरूनच नेता, नायक. पस्तीवाल्याचं पद मला तेव्हा कळलं. वार्नाच्या खानावळवाल्याचा 'ने' आणि आपला संस्कृत 'न' हे दूरचे चुलतभाऊ, एकाच जुन्या घराण्यातले. जपान-कोरियाशी मात्र नातं नाही, नुसतं नाव जुळलं. पण मला सापडलेली खरी गंमत जुन्या मराठीतली. संतांच्या अभंगांत 'नेणे' भेटतं ते 'न जाणे' या अर्थाने: मला ठाऊक नाही. त्यावरून नेणता, नेणती. म्हणजे आपल्या एकट्या भाषेत एक 'नेणे' घेऊन जातं आणि दुसऱ्याला काही पत्ताच नसतो. शनिवारी सकाळी आमच्या गॅलरीत ही दोन्ही क्रियापदं समोरासमोर उभी होती.

आजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' काढला, राज्यकारभारातल्या शब्दांचा कोश: इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली, आठ भाषा शेजारी शेजारी. कुणा कारकुनाने एका अर्थाने लिहावं आणि कुणा वहिवाटदाराने दुसऱ्याच अर्थाने वाचावं, असं व्हायला नको म्हणून. एका राजाला हे सुचलं होतं. आजोबा याच खुर्चीत बसून तो चाळायचे असं वडील सांगत. वडिलांच्या सगळ्याच गोष्टींत आजोबा याच खुर्चीत बसलेले असत, त्यामुळे खात्री देत नाही. कोश कारभाराचा. पस्तीवाल्याच्या 'ने'ची त्यात सोय नसणार, आणि त्याबद्दल महाराजांना दोष देणं बरं नव्हे.

दोष द्यायचाच तर मला पुण्याला द्यायचा आहे. मागच्या डिसेंबरात एका मुंजीत मी शेजारच्या गृहस्थांना "चला ने पंगतीला" म्हणालो. ते वळून प्रेमाने म्हणाले, "गुजराती का तुम्ही? मराठी छान बोलता!" चार पिढ्या झाल्या आम्हाला बडोद्यात. घरात गणपती, सत्यनारायण, पुरणपोळी, सगळं. इथे आम्ही 'मराठी लोको', तिथे आम्ही 'छान बोलणारे'. माझी आई एकदा पुण्याच्या मामींना फोनवर म्हणाली, "तुमचे दादा येऊन गेले." इथल्या हिशोबाने 'आवी गया', म्हणजे पोचले, समोर बसलेत, चहा पितायत. मामींनी समजून घेतलं की आले आणि गेलेही, आणि रात्रीच्या गाडीवर त्यांना उतरवून घ्यायला मुलाला पुणे स्टेशनवर पाठवलं. पोरगा थंडीत पहाटेपर्यंत फलाटावर. हा किस्सा तिकडच्या प्रत्येक लग्नात सांगितला जातो आणि प्रत्येक वेळी आम्हीही हसतो. हसावं लागतं. कधी कधी वाटतं, न हसता नुसतं जेवून यावं.

आणि माझी मुलगी. मराठी फर्डी बोलते, पण फोनवर लिहिते गुजराती लिपीत, डोक्यावरची रेघ उडालेली मराठी. आत्याला तिने वाढदिवसाचं लांबलचक पत्र लिहिलं, आत्याने चष्मा पुसून तीनदा पाहिलं आणि मला विचारलं, "हे काय आहे?" मी वाचून दाखवलं. वाचता वाचता माझा घसा जरा धरला. आत्याला वाटलं सर्दी. वेखंड उगाळून दिलं.

वेखंडावरून आठवलं, आत्याचं आणि गुजरातीचं एकदाच काय ते जाहीर भांडण झालं. समोरच्या बेन सकाळी सकाळी हसत म्हणाल्या, "शी खबर छे?" काय विशेष? आत्याने आत येऊन दार लावलं. "मी पंचाहत्तर वर्षांची आहे. माझी शी झाली की नाही याची चौकशी यांना कशाला?"

खुर्ची परत आली तेव्हा उजव्या हाताचा पितळी स्क्रू गायब होता. तो हात आता पुढे फिरतो, पण परत येत नाही. आत्याने खुर्ची ओल्या फडक्याने पुसली आणि म्हणाली, "ही अगदी आपल्या खुर्चीसारखी आहे रे! केवढ्याला घेतलीस?" मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "फसवलं तुला."

काकांचं म्हणणं निराळं. ते नसते तर मला ७०० पडले असते. म्हणजे त्यांनी माझे दीडशे वाचवले, आणि या हिशोबाने खुर्चीच्या चौथ्या हिश्श्यावर त्यांचा हक्क असल्यासारखे ते सोमवारपासून रोज संध्याकाळी वर येतात. लिफ्ट बंद असली तरी येतात. "आवू ने?" विचारतात तेव्हा आत आलेलेच असतात. मी मोढ्यावर बसतो.

आज पुन्हा शनिवार. आज ते सकाळीच आले. हॅम्बुर्ग राहिलं होतं. तिथेही म्हणे वाक्याच्या शेवटी 'ने?' लावतात. पाय त्या न फिरणाऱ्या हातावर टाकून त्यांनी आत्याला एल्बे नदीतून बोट कशी आत घेतात ते सांगायला घेतलं. एक तास झाला. बायकोने दोनदा कुकरची शिट्टी मुद्दाम होऊ दिली. वर्तमानपत्रांचा या आठवड्याचा गठ्ठा भिंतीला टेकून होता.

खालून हाक आली, "पस्तीऽऽ!" आणि जिन्यात पावलं वाजली.

आत्याने गठ्ठ्याकडे पाहिलं. खुर्चीकडे पाहिलं, खुर्चीतल्या काकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे झुकून अगदी हळू विचारलं, "ने म्हणू का?"